वाचकांचे प्रश्न : कार्बनची उलाढाल आणि शिल्लक

निसर्गातल्या कार्बनच्या फिरतीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. सुरुवातीलाच एक आकडा ध्यानात ठेवा : ३.६७. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणजे १ टन कार्बन जळला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. एकाने कार्बनमध्ये दिलेला आकडा दुसऱ्याने वायूचा समजून वापरला, की हिशोब साडेतीन पटींहून जास्त घसरतो, आणि हे फार वेळा घडतं. खाली ‘कार्बन’ म्हटलंय तिथे कार्बनच समजा. वायूचा आकडा आहे तिथे तसं लिहिलं आहे. मातीच्या उत्तरांत रुळलेला ‘कर्ब’ हा शब्द ठेवला आहे.

प्रश्न : झाड जमिनीतून अन्न घेतं असं आपण म्हणतो. मग लाकडातला कार्बन मातीतूनच आलेला असणार ना?

नाही, जवळजवळ सगळा हवेतून. हा गैरसमज जुना आहे, आणि तो खोडून काढणारा प्रयोगही तितकाच जुना. व्हॅन हेल्मोंट या संशोधकाने २०० पौंड वाळवलेली माती एका कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं विलो या झाडाचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांच्या आसपास. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट फक्त २ औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. हा वृत्तान्त छापून आला १६४८ साली. झाड पाण्यापासून बनलं, असा निष्कर्ष त्याने काढला. तिथे तो चुकला, कारण हवेकडे त्याचं लक्षच गेलं नाही. पण माती तोलण्याची बुद्धी झाली, हेच मोठं.

हवेत हा वायू किती विरळ आहे, ते एकदा मोजून पाहा. १ घनमीटर हवेत ४२० मिलिलिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्यातला कार्बन भरतो जेमतेम ०.२ ग्रॅम. म्हणजे १ किलो कार्बन गोळा करायचा तर सुमारे ५ हजार घनमीटर हवेतला सगळा वायू वेचून घ्यावा लागेल. ३ मीटर उंचीची १२ चौरस मीटरची खोली घेतली, तर अशा जवळपास १४० खोल्या. एवढ्यातून कोरडं लाकूड होतं २ किलोच. पानाची रंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, हे काम दिवसभर करत असतात आणि रंध्र उघडलं की पाणी बाहेर जातं. म्हणून तर पाण्याचा ताण पडला की झाड रंध्रं मिटतं आणि कार्बन घेणंही थांबतं.

शिवाय मिळवलेल्यातला साधारण निम्मा कार्बन झाड स्वतःच्या श्वसनात खर्च करतं. उरलेल्या निम्म्यातून पानं, मुळं, फळं आणि लाकूड. पान काही महिन्यांत गळतं आणि कुजतं, लाकूड मात्र दशकं टिकतं. झाडाने किती घेतलं यापेक्षा घेतलेलं कुठे ठेवलं, हे बघायला हवं.

प्रश्न : एका झाडात किती कार्बन आहे हे झाड न तोडता कसं मोजायचं? निरनिराळे तक्ते बघितले, प्रत्येकात वेगळाच आकडा.

तक्ते बाजूला ठेवा. मोजपट्टी घ्या.

जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, खोडाचा घेर घ्या. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूच्या जमिनीपासून १.३ मीटर धरा. पट्टी खोडाला काटकोनात हवी. वेल, शेवाळ किंवा सुटी साल मध्ये आली तर घेर फुगतो. त्या उंचीवर गाठ किंवा आधारमूळ असेल तर त्याच्या वर, खोड सरळ होतं तिथे माप घ्या आणि उंची नोंदवा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच मोजता येईल. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. झाडाची उंची मीटरमध्ये घ्या. तिसरी गोष्ट लाकडाची घनता : कोरडं वजन भागिले ओल्या लाकडाचं आकारमान. ती जातीनुसार प्रसिद्ध झालेली असते. मऊ लाकडात ०.३ ते ०.४ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, कठीण लाकडात ०.८ च्याही पुढे.

उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी २०१४ सालचं एक सूत्र सर्रास वापरलं जातं. घनता, व्यासाचा वर्ग (सेंटीमीटरमध्ये) आणि उंची यांचा गुणाकार करा, त्याचा ०.९७६ वा घात घ्या आणि ०.०६७३ ने गुणा. उत्तर येतं जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन, किलोमध्ये.

उदाहरण घेऊ. घेर ९४ सेंटीमीटर, म्हणजे व्यास ३०. उंची १५ मीटर, घनता ०.६. गुणाकार ८१००. त्यावरून वजन येतं ४४० किलोच्या आसपास. मुळांसाठी त्याचा साधारण पाव भाग आणखी धरून एकूण ५५० किलो. कोरड्या वजनात कार्बन ४७ टक्के धरला तर २५८ किलो कार्बन, ३.६७ ने गुणलं की ९५० किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड.

आता चुका. पहिली आणि सगळ्यात महागडी : सूत्रात व्यासाऐवजी घेर घालणे. उत्तर नऊपटीहून जास्त फुगतं, आणि मोठा आकडा बघून माणूस खूश होतो, तपासत नाही. दुसरी : ओल्या लाकडाचं वजन घेणे. ताज्या लाकडात निम्मं पाणी असू शकतं. तिसरी : वरचे ९५० किलो ‘दरवर्षी’ म्हणून सांगणे. ती झाडाच्या आजवरच्या आयुष्याची शिल्लक आहे. याच झाडाचा व्यास वर्षभरात १ सेंटीमीटरने आणि उंची ३० सेंटीमीटरने वाढली, तर वर्षाची भर येते साधारण ८० ते ८५ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि वर्षाला १ सेंटीमीटर ही चांगली वाढ झाली. तक्त्यांत फरक दिसतो तो याचमुळे. कुणी शिल्लक देतो, कुणी वार्षिक भर, आणि कुणी कार्बन की वायू तेच लिहीत नाही.

एकट्या झाडाचा आकडा २० ते ३० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. पोकळ खोड तर पट्टीला कळतच नाही. शंभर झाडं मोजली की या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. पण व्यासाच्या जागी घेर घातला असेल तर ती चूक शंभरही झाडांत तशीच राहते.

प्रश्न : वर्षावनं म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं, ती २० टक्के ऑक्सिजन देतात. खरं का?

खरं नाही. उपमाही उलटी आहे. फुप्फुसं ऑक्सिजन घेतात. जुनं, भरलेलं जंगल दिवसा जेवढा ऑक्सिजन सोडतं, जवळजवळ तेवढाच ते स्वतः, त्यातले प्राणी आणि कुजवणारी बुरशी-जीवाणू मिळून वापरतात. उलाढाल प्रचंड, पण वर्षाअखेरची ऑक्सिजनची शिल्लक शून्याच्या आसपास. जगातली सगळी झाडंझुडपं एका दिवसात जाळली, तरी त्यासाठी खर्च होणारा ऑक्सिजन हवेतल्या एकूण साठ्याच्या हजारातला एक भाग असेल. त्या आगीने कार्बन मात्र हवेतल्या आजच्या साठ्याच्या निम्म्याएवढा वाढेल. जंगल राखायचं ते त्यातल्या कार्बनसाठी, पाण्यासाठी, जीवजातींसाठी. ऑक्सिजनची काळजी नको.

प्रश्न : झाडं दरवर्षी १२० अब्ज टन कार्बन उचलतात असं वाचलं. मग माणसाच्या १० अब्ज टनांनी एवढं काय बिघडतं? आणि ज्वालामुखींचं काय?

मोठ्या दुकानाची दिवसाची उलाढाल लाखाची असते आणि रात्री गल्ल्यात शिल्लक काही हजार. कुणी रोज गुपचूप आठ हजारांची भर टाकायला लागला, तर उलाढालीत ती दिसणार नाही, शिल्लक मात्र फुगत जाईल. तसंच हे. जमिनीवरची झाडं वर्षाला १२० अब्ज टनांहून थोडा जास्त कार्बन घेतात आणि श्वसन, कुजणं, वणवे यांतून जवळपास तेवढाच परत जातो. समुद्र ८० अब्ज टनांच्या आसपास घेतो आणि जवळजवळ तेवढाच सोडतो. खनिज इंधनांतून येणारे १० अब्ज टन मात्र एकतर्फी आहेत. कोट्यवधी वर्षं उलाढालीबाहेर पडलेला कार्बन आपण वहीत नव्याने जमा करतो आहोत.

या भरीपैकी पाव भागाहून थोडा जास्त समुद्र घेतो, ३० टक्क्यांच्या आसपास जमिनीवरची झाडं आणि माती घेतात. उरलेला, निम्म्याहून थोडा कमी, हवेत राहतो. हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली तेव्हा प्रमाण ३१५ पीपीएमच्या (दर दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास होतं. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे आहे. औद्योगिक काळापूर्वी ते २८० च्या जवळ होतं, हे बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं. मौना लोआच्या आलेखात दर वर्षी एक दात दिसतो : मे महिन्यात शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ, फरक ६ ते ७ पीपीएम. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, तिथली झाडं उन्हाळ्यात कार्बन ओढतात आणि हिवाळ्यात सोडतात, त्याची ती खूण. दात वर-खाली होतो, पण प्रत्येक वर्षीचा तळ आधीच्या तळाच्या वर.

ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन सोडतात, तो माणसाच्या भरीच्या १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. (ज्वालामुखीवरच वेधशाळा, मग मोजणी बिघडत नाही का, असंही एका पत्रात विचारलं आहे. डोंगरावरून खाली वाहणाऱ्या वाऱ्यात ज्वालामुखीचा वायू आला की आकडे एकदम उड्या मारतात. असे तास ओळखून वगळले जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला तेव्हा काही महिने मोजणी शेजारच्या मौना केआवर हलवली होती.)

हा वाढलेला कार्बन इंधनांतलाच, याच्या तीन खुणा आहेत. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचं. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षांचं, म्हणून त्यात तो उरलेलाच नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वृक्षकड्यांत (खोडातल्या वार्षिक वलयांत) कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत गेलेलं दिसतं. दुसरी खूण कार्बन-१३ ची, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराची. वनस्पती तो थोडा टाळतात, वनस्पतींपासून झालेल्या इंधनातही तो कमी, आणि हवेतही त्याचं प्रमाण घटत आहे. तिसरी खूण साधी : कार्बन वाढतो तसा ऑक्सिजन किंचित घटतो. ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून वायू नुसता निघाला असता, तर ऑक्सिजन खर्च झाला नसता. तो जळण्यात खर्च होतो.

प्रश्न : हवेतला कार्बन डायऑक्साइड ४ वर्षं टिकतो असं एकीकडे लिहितात, दुसरीकडे शेकडो वर्षं. कोण बरोबर?

दोघेही. प्रश्न वेगवेगळे आहेत.

हवेत ८७० अब्ज टनांच्या वर कार्बन आहे आणि वर्षाला २०० अब्ज टनांची अदलाबदल होते. भागाकार केला की सरासरी रेणू ४ वर्षांच्या आसपास हवेत राहतो. पण तो गेला की त्याच्या जागी समुद्रातून किंवा मातीतून दुसरा येतो. नोट बदलली, शिल्लक तीच. अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता. हवेतल्या चाचण्यांवर १९६३ साली आलेल्या बंदीनंतर ही जादा भर दहा-बारा वर्षांत निम्म्यावर आली. यावरून ‘कार्बन लवकर निघून जातो’ असं सिद्ध करू पाहणारे लोक हीच गल्लत करतात. खुणेचे अणू विखुरले, एवढंच त्यातून कळतं.

जादा भर म्हणून टाकलेल्या कार्बनपैकी १०० वर्षांनी सुमारे ४० टक्के आणि हजार वर्षांनी पंचमांशाच्या आसपास हवेत उरतो. शेवटचा भाग खडकांच्या झिजेतून जायला लाखभर वर्षं किंवा अधिक लागतात.

प्रश्न : मातीतला सेंद्रिय कर्ब दोन प्रयोगशाळांत तपासला. एकीचा ०.६२ टक्के, दुसरीचा ०.८१. कुणावर विश्वास ठेवायचा? आणि यावरून हेक्टरी किती टन धरायचं?

०.६२ ला १.३ ने गुणून पाहा. ०.८१ येतं. बहुधा हेच झालं आहे.

कर्ब मोजण्याच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. आम्ल मिसळताना जी उष्णता निघते तेवढ्यावरच कर्ब जळतो. बाहेरून आच दिलेली नसते, म्हणून सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्के जळतो. ही तूट भरून काढायला १.३ ने गुणतात. काही प्रयोगशाळा गुणून देतात, काही न गुणता. अहवालावर गुणक लिहिलेला नसेल तर विचारा. तसंच ‘सेंद्रिय कर्ब’ आणि ‘सेंद्रिय पदार्थ’ यांत घोटाळा नको. पदार्थाचा आकडा कर्बाच्या १.७२४ पट धरला जातो.

खारवट मातीत क्लोराइडही डायक्रोमेट खातं, त्यामुळे कर्ब आहे त्याहून जास्त दिसतो. सिल्व्हर सल्फेट घालून ते आवरतात. चुनखडीच्या मातीत उलट काळजी घ्यावी लागते. भट्टीत माती जाळून मोजणाऱ्या यंत्रात चुनखडीतला कार्बनही धरला जातो, म्हणून तो आधी आम्लाने काढावा लागतो किंवा वेगळा मोजून वजा करावा लागतो. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर पद्धत आणि प्रयोगशाळा बदलू नका.

हेक्टरी टन काढायला टक्के, घनता आणि खोली यांचा गुणाकार करा. १ टक्का, १.३ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आणि ३० सेंटीमीटर : ३९ टन. घनता मात्र पुस्तकातून उचलू नका. ५ सेंटीमीटर व्यासाची आणि ५ सेंटीमीटर उंचीची धारदार कडी घ्या, आकारमान ९८ घनसेंटीमीटर. ती मातीत सरळ ठोका, भोवतालची माती खणून अलगद काढा, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करा. १०५ अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत, साधारण २४ तास वाळवा. १२७ ग्रॅम भरली तर घनता १.३. हे १०, २० आणि ३० सेंटीमीटरच्या थरांत वेगवेगळं करा. खडे जास्त असतील तर त्यांचं वजन आणि आकारमान वजा करा. खड्यात सेंद्रिय कर्ब नसतो. कर्बासाठीचा नमुना वेगळा : वरचा पालापाचोळा बाजूला सारून १५ ते २० ठिकाणची माती नागमोडी चालत घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा.

यात एक सापळा आहे. नांगरट झाली, माती भुसभुशीत होऊन घनता १.१ वर आली. कर्बाचा एक कणही गेला नाही, तरी ३० सेंटीमीटरपर्यंत मोजल्यावर ३३ टन येतील. ६ टन गेले कुठे? ते ३० सेंटीमीटरच्या खाली आहेत, कारण तीच माती आता जास्त जागा व्यापते. उलट अवजड यंत्रं फिरून माती दबली की कागदावर कर्ब वाढलेला दिसतो. म्हणून तुलना समान खोलीची नव्हे, समान वजनाच्या मातीची करायची. इथे साडेपस्तीस सेंटीमीटरपर्यंत खणलं की पहिल्याइतकीच, हेक्टरी ३,९०० टन माती हाती येते.

प्रश्न : दरवर्षी सगळं काड जमिनीत गाडतो. ३ वर्षं झाली, अहवालात कर्ब तिथेच. काड जातं कुठे?

हवेत, बरंचसं. हेक्टरी ५ टन कोरडं काड म्हणजे २ टनांहून थोडा जास्त कर्ब. मातीतले जीव त्यावर जगतात, श्वास सोडतात, आणि काही वर्षांत त्यातला १० ते २० टक्केच मातीच्या कणांना चिकटून टिकतो. म्हणजे २०० ते ४०० किलो. ३९ टनांच्या साठ्यात एवढी भर पडली तर १.०० टक्क्याचे १.०१ होतात, आणि एवढा फरक नमुना घेण्यातल्या चुकीतच हरवतो. ३ वर्षांत जुना साठाही थोडा झिजतोच. अहवाल खोटा नाही, घाई झाली आहे. ५ ते १० वर्षांच्या अंतराने मोजा.

दुसरी अडचण नत्राची. काडात कर्ब-नत्र गुणोत्तर ८० च्या आसपास, तर जिवाणूंना लागतं २४ ते ३०. कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात आणि पीक काही आठवडे पिवळं पडतं. टिकाऊ सेंद्रिय पदार्थाचं गुणोत्तर १० ते १२ असतं. म्हणजे १ टन कर्ब मुरवायचा तर ८० ते १०० किलो नत्रही त्याच्यासोबत अडकून राहतं. काडाबरोबर शेंगवर्गीय पीक किंवा कुजलेलं शेणखत का सांगतात, ते यावरून कळेल.

प्रश्न : शिंपले आणि प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. ते वाढवले तर हवेतला कार्बन कवचांत बंद होईल ना?

ऐकायला बरोबर वाटतं, पण घडतं उलट. समुद्रात विरघळलेल्या कार्बनचा सुमारे ९० टक्के भाग बायकार्बोनेट असतो, १० टक्क्यांहून थोडा कमी कार्बोनेट आणि १ टक्क्याच्या आत मोकळा वायू. कवच बनताना एका कॅल्शियमला दोन बायकार्बोनेट लागतात. एक कवचात जातं, दुसऱ्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. समुद्राचं पाणी त्यातला काही भाग पुन्हा सामावून घेतं, तरी कवचातल्या दर १० रेणूंमागे साधारण ६ रेणू वायू मोकळा होतो. तेव्हा शिंपल्यांची शेती इतर कारणांसाठी जरूर करावी, कार्बनच्या नावाने नको.

मग पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा कार्बनसाठा चुनखडकात कसा? कारण हिशोब कवचापाशी सुरूच होत नाही, तो डोंगरावर सुरू होतो. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सिलिकेटचे खडक झिजवतो. एका कॅल्शियममागे हवेतले दोन रेणू बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातात. कवच बनताना एक परत सुटतो, एक तळाशी बसतो. दोन घेतले, एक दिला, एक बंद. चुनखडकच झिजला तर मात्र एक रेणू हवेतला आणि एक खडकातला असतो. शेवटी बेरीज शून्य.

वायू घेण्याची समुद्राची ऐपतही अमर्याद नाही. वायू आला की कार्बोनेट त्याला धरून बायकार्बोनेट करतं, पण तसं करताना स्वतः संपत जातं. म्हणून हवेतला वायू १० टक्के वाढला तरी वरच्या पाण्यातला एकूण कार्बन वाढतो १ टक्क्याच्या आसपासच. पाण्याचा सामू (पीएच) ८.२ वरून ८.१ च्या खाली सरकतो आहे. आकडा क्षुल्लक दिसतो, पण मोजपट्टी घातांकाची असल्याने हायड्रोजन आयन पाव पटीहून जास्त वाढले आहेत. पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे. कवच बांधायला लागणारं कार्बोनेट मात्र कमी होतं आहे.

प्रश्न : दलदलीत कार्बन टिकतो म्हणतात. चिखलात तर सगळं कुजतं!

कुजायला ऑक्सिजन लागतो. साचलेल्या पाण्यात तो हवेच्या तुलनेत हजारो पटींनी हळू पसरतो, म्हणून पाण्याखालचा पाला अर्धवट कुजून साचत राहतो. त्याचंच पीट बनतं, वर्षाला साधारण १ मिलिमीटर. पीटभूमी जमिनीच्या ३ टक्क्यांच्या आसपास आहे, पण तिच्यातला कार्बन ५०० अब्ज टनांच्या वर, जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून आहे त्याच्या तोडीचा.

पाणी काढलं की काय होतं, हे इंग्लंडमधल्या होम फेन इथे डोळ्यांनी दिसतं. तिथली पाणथळ जमीन कोरडी करताना १८५१ साली लोखंडी खांब पुरला, वरचं टोक जमिनीच्या बरोबर. आज तो ४ मीटर वर उभा आहे. खांब हललेला नाही, जमीन खाली गेली. काही आकसून आणि दबून, बाकी हवेत मिसळून.

अशी जमीन पुन्हा ओली करताना पाण्याची पातळी पृष्ठभागाखाली १० सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी. वर पाणी साचलं तर मिथेन सुटतो, आणि तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट, २० वर्षांच्या हिशोबात ८० पटीच्या आसपास तापवतो. खारफुटीत हा त्रास कमी, कारण समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेनवाल्यांना पुढे येऊ देत नाहीत. तिथे बहुतेक कार्बन झाडांत नसून चिखलात असतो. झाडं तोडण्यापेक्षा चिखल उपसणं त्यामुळे जास्त महागात पडतं.

प्रश्न : काटक्या कुजवण्याऐवजी त्यांचा कोळसा करून मातीत घातला तर कार्बन जास्त टिकतो का? करायचा कसा?

टिकतो. काटकीतला निम्मा कार्बन भाजतानाच जातो, पण उरलेला निम्मा शेकडो वर्षं राहू शकतो. कुजणाऱ्या काटकीचा बहुतेक कार्बन काही वर्षांत जातो.

ओलावा २० टक्क्यांच्या आत आणा. काटकी वाकवली तर कट्कन मोडली पाहिजे. शंकूच्या आकाराचा खड्डा घ्या, वरून पेटवा आणि ज्वाळा टिकून राहील अशा बेताने थर टाकत जा. ज्वाळा वरचा ऑक्सिजन खाते, खालचा थर हवेविना भाजतो. तापमान ४०० ते ६०० अंश हवं. थरावर पांढरी राख दिसायला लागली की पुढचा थर टाका. राख म्हणजे कार्बन गेला. दाट धूर म्हणजे काटक्या ओल्या आहेत किंवा थर जाड पडला, आणि त्या धुरात मिथेनही असतो. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवा.

चांगला कोळसा वाजवला की खणखणतो, आणि हाताला लागलेला काळा रंग नुसत्या पाण्याने निघतो. बोटं तेलकट झाली, डांबराचा वास आला, तर तो कच्चा आहे. मातीत लवकर कुजेल. कोरा कोळसा तसाच मातीत घालू नका. तो नत्र ओढून धरतो आणि सामूही वाढवतो. कुजलेल्या शेणखतात २ ते ३ आठवडे ओलसर मुरवून मग मिसळा. जमीन आधीच अल्कधर्मी असेल तर मात्रा कमी ठेवा. आणि विझवलेला ढीग लगेच पोत्यांत भरू नका. आतला निखारा काही तासांनीही पेट घेतो. ढीग पातळ पसरून एक-दोन दिवस उघड्यावर राहू द्या आणि भरण्याआधी तळाशी हात घालून तो गार झाल्याची खात्री करून घ्या.